लकव्यानंतर वाचा बसलेल्यांसाठी मुलांची चित्रकार्डं घ्यावीत का?

सोलापुरात नवी पेठेत मिळणारे मुलांचे लॅमिनेट केलेले चित्रकार्डांचे संच घरचे लोक लकव्यानंतर हमखास आणतात. घ्यायला हरकत नाही, पण आहेत तसे वापरू नका.

मोठी खोट चित्राखाली छापलेल्या नावाची. पेशंटला शब्द आठवला की त्याने तो वाचला, हे कळतच नाही. नावावर कागदाची पट्टी चिकटवा. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, म्हणून कार्ड थोडं तिरकं धरा. आणि सत्तरीच्या माणसाला इग्लू, पेंग्विन कशाला? ती काढून कडक भाकरी, चादर, सिद्धेश्वराचं देऊळ, नातवंडं यांचे फोटो त्याच मापात छापून घाला.

एका बैठकीला आठ-दहा कार्डं, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. कार्ड दाखवून दहा सेकंद गप्प बसा. बहुतेक घरांत घाई होते ती इथेच. शब्द आला नाही तर उपयोग सांगा: ‘रात्री पांघरतो ती.’ मग अर्धं वाक्य: ‘थंडी वाजतेय, अंगावर घे...’ मग पहिला आवाज: ‘चा...’ शेवटी सोबत म्हणा. पुढच्या प्रत्येक कार्डाला ‘चादर’च येऊ लागलं तर तो हट्ट नव्हे, आधीचा शब्द सुटत नसतो. रागावू नका, मिनिटभर थांबून अगदी वेगळ्या प्रकारचं कार्ड घ्या.

पॅरिसमध्ये 1861 साली ब्रोका या डॉक्टरने ज्याचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तो लबॉर्न नावाचा पेशंट ‘टॅन’एवढंच बोलायचा, पण त्याला समजायचं बरंच. असे पेशंट घरोघरी आहेत. त्यांच्याशी बोबडं बोलणं हा अपमान आहे. ज्यांना ऐकलेलंच उमगत नाही, त्यांना मात्र नाव विचारू नका. दोन कार्डं ठेवून ‘चमचा कुठाय?’ म्हणा. आधी चमचा आणि गाय, जमलं की चमचा आणि वाटी. मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेत उजवीकडचं दिसेनासं होऊ शकतं, म्हणून कार्डं शेजारी-शेजारी नको, एकाखाली एक मांडा.

शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. संचावर मराठी-इंग्रजी असलं तरी सराव पेशंट घरात बोलत आला त्याच भाषेत सुरू करा. स्पीच थेरपिस्टने एकदा तपासल्यावर कोणत्या पायरीपासून सुरुवात करायची ते ठरतं. पहिले तीन महिने सुधारणा सहसा सर्वांत वेगाने होते, ते नुसत्या कार्डांवर घालवू नका.

परवडत असेल तर तोच संच दोनदा घ्या. शब्द अजिबात समजत नसतील, तर सारखं चित्र सारख्यावर ठेवण्यापासून सुरुवात करता येते.