सांगलीतील घरपोच रुग्णसेवा : सेविका उत्तम, संस्था ढिसाळ

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी आम्ही विश्रामबागेतील एका संस्थेकडून दिवसपाळीची सेविका घेतली. अंग पुसताना दार लोटून घेणे, आधी विचारून मगच हात लावणे आणि दर 2 तासांनी कूस बदलताना माकडहाड व टाचांवरची लाली बोटाने दाबल्यावर जाते की तशीच राहते हे पाहणे (न जाणारी लाली ही शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली खूण असते), हे सारे ती न सांगता करते. भरवतानाही पाठ उंच करूनच घास देते. संस्थेचा कारभार मात्र ढिसाळ आहे. बदली सेविका पूर्वसूचनेविना येते आणि कूस बदलल्याच्या वेळा संध्याकाळी एका बैठकीत, एकाच शाईत भरून टाकते. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी बदलीची अट लेखी घ्यावी.