दुहेरी प्लाय, वर हार्डबोर्ड: कोकणातल्या एका पावसाळ्यानंतर

सुतारकामाच्या टेबलाचा माथा कशाचा करावा, यावर पावसाळा काढून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय: 18 मिमी मरीन प्लायचे (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचे) दोन थर आणि वर 3 मिमी हार्डबोर्ड, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा दाबून केलेला पातळ, कडक तक्ता. टेबल चिपळूणला पडवीत आहे. जुलैत तिथे रंध्याच्या पात्याला तेल लावलं नाही तर रात्रीत गंज चढतो.

सागवानाचा मोह सगळ्यांनाच होतो. पण भरीव फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग माथा पुन्हा रंधून सपाट करा. प्लायमध्ये एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे, त्यामुळे ती जवळपास हलतच नाही. ऑक्टोबरात माथ्यावर पट्टी उभी धरली, खालून उजेड आला नाही. एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो, पण ओल लागून त्याची कड फुगली की परत बसत नाही. सनमायका तर कृपा करून लावू नका. रंधा मारताना लाकूड सरकतं आणि हातात पटाशी असेल तर जखम ठरलेली.

प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या. 8 बाय 4 च्या एकाच शीटमधून 6 बाय 2 चे दोन थर निघतात आणि 2 बाय 2 चे दोन तुकडे उरतात. ते मी दोन्ही टोकांना खालून चिकटवले. तिथे जाडी 54 मिमी झाली. एका टोकाला व्हाइस (लाकूड आवळून धरणारा शिकंजा), दुसऱ्या टोकाला होल्डफास्टची (भोकात ठोकून लाकूड दाबून धरणाऱ्या लोखंडी आकड्याची) भोकं. होल्डफास्टला घट्ट बसायला जाडी लागते, नुसत्या 36 मिमीत तो ढिला पडतो. प्लायचे स्क्रू सगळे खालून. कडांना बाभळीच्या पट्ट्या मारल्या, त्यामुळे ठोकाठोकीत टवके उडत नाहीत.

हार्डबोर्डवर पटाशीचे घाव, फेविकॉल, पॉलिशचे डाग, काहीही होऊ दे. तो कोपऱ्यांत फक्त स्क्रूने धरलाय, खराब झाला की काढून नवा टाकायचा. मेण चोळलं की वाळलेला गोंद पटाशीच्या पाठीने उडतो.

उणीव एकच: ऑगस्टमध्ये हार्डबोर्ड मधोमध फुगला, ऊन पडल्यावर बसला. पुढचा पावसाळ्याच्या दमट हवेत, दोन्ही बाजूंना जवसाचं तेल लावून बसवणार आहे. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.