जुने ईएल ८४ घेताना: बेल, मुलार्ड आणि सोव्हिएत

घरी दहा-पंधरा वॉटचा पुश-पुल (आउटपुटला व्हॉल्व्हची जोडी असलेला) व्हॉल्व्ह अँप असेल, तर सांगली-मिरजेच्या माणसाने आधी बेलचे ईएल ८४, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे आउटपुट व्हॉल्व्ह, शोधावेत. फिलिप्सच्याच मुलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या व्हॉल्व्हमागे नंतर लागावे. बेल म्हणजे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. तिने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आतली बांधणी त्याच घराण्याची, किंमत मात्र मुलार्डपेक्षा बरीच कमी. फीडबॅक असलेल्या अँपमध्ये निरोगी बेल आणि निरोगी मुलार्ड यांच्या आवाजातला फरक कपलिंग कंडेन्सर (एका पायरीचा आवाज पुढच्या पायरीला देणारा) बदलल्यावर पडणाऱ्या फरकापेक्षाही कमी असतो. खरा प्रश्न ‘निरोगी’ या शब्दाचा आहे.

इकडे जुना माल येतो तो प्रामुख्याने बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून आणि भंगारातून. रेडिओतून काढलेला ईएल ८४ शक्यतो घेऊच नये. रेडिओत हा व्हॉल्व्ह एकटाच आउटपुट देतो. २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॉट, आणि प्लेटची (करंट गोळा करणाऱ्या पत्र्याची) मर्यादाही तेवढीच. वर्षानुवर्षे कमाल भारावर चाललेल्या कॅथोडमध्ये (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापलेल्या भागात) फारसे काही उरलेले नसते. न वापरलेला, डब्यातला माल मिळाला तरच पुढे बोलावे.

डब्यावर मात्र विसंबू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी भरले होते, आणि भिजलेला माल नव्या खोक्यांत घातलेला असू शकतो. ईएल ८४ पूर्ण काचेचा असल्याने निर्वाताला पाण्याने काही होत नाही, पण पिना गंजतात आणि त्या काचेत जातात तिथे बारीक तडा जाऊ शकतो. भिंगाखाली बघा. हिरवट-काळा थर नुसता पृष्ठभागावर असेल तर बारीक पॉलिश पेपरने निघतो. पीन खड्डे पडण्याइतकी खाल्ली गेली असेल तर व्हॉल्व्ह परत ठेवा. बेकेलाइट बुडाचे मोठे ऑक्टल (आठ पिनांचे) व्हॉल्व्ह भिजलेले असतील तर नकोतच, कारण बुडात ओल धरून पिनांमध्ये गळती होते.

काचेच्या टोकाला गेटरचा (आतला उरलासुरला वायू शोषणाऱ्या धातूचा) चंदेरी किंवा काळसर आरसा असतो. तो पांढरा पडला म्हणजे आत हवा शिरली, विषय संपला.

छपाई पुसली गेली असेल तर फसगत ठरलेली. यूएल ८४ आणि पीएल ८४ दिसायला अगदी असेच असतात. ईएल ८४ चा हीटर ६.३ व्होल्ट, ०.७६ अँपिअरचा, यूएल ८४ चा ४५ व्होल्ट, ०.१ अँपिअरचा, पीएल ८४ चा १५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा. मल्टिमीटरने पीन ४ आणि ५ मधला रोध मोजा. थंड ईएल ८४ एक-दोन ओहम दाखवतो, यूएल ८४ त्याच्या कितीतरी पट. ही तपासणी दुकानातच होते, वीजही लागत नाही. दुकानदार मीटर लावू देत नसेल तर तो माल त्यालाच लखलाभ. डब्यावर ६ बीक्यू ५ लिहिलेले असेल तर बिचकू नका, ईएल ८४ चेच ते अमेरिकन नाव.

मुलार्डच हवे असतील तर काचेवरच्या मोठ्या नावापेक्षा खाली पुसट कोरलेला संकेत महत्त्वाचा. पहिल्या ओळीत आरएक्स हा ईएल ८४ चा प्रकार-संकेत. दुसऱ्या ओळीत कारखान्याचे अक्षर, मग वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचे अक्षर आणि आठवडा. बी म्हणजे ब्लॅकबर्न. त्रिकोण असेल तर हॉलंडमधले हेर्लेन. आज मुलार्ड नावाने मिळणारे नवे व्हॉल्व्ह रशियात सारातोव्हला बनतात. ते वाईट नाहीत, पण जुन्याच्या भावात घेण्याचे कारण नाही.

सोव्हिएत ६ पी १४ पी-ईव्ही हा तिसरा पर्याय. पिना ईएल ८४ सारख्याच, आणि ईव्ही म्हणजे दीर्घायुषी, धक्के सोसणारा प्रकार. अँप रोज चार-पाच तास चालत असेल तर आमची पसंती यालाच. पण सोव्हिएत मालाच्या त्याच ओघात ईसीसी ८३ (सुरुवातीच्या पायरीवर आवाज वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह) च्या जागी सोव्हिएत ६ एन २ पी घेऊ नका. त्याचा हीटर फक्त ४ आणि ५ वर असतो आणि ९ नंबरला पडदा जोडलेला असतो. ईसीसी ८३ साठी ४-५ जोडून ९ कडे वायरिंग केलेल्या सॉकेटमध्ये तो पेटणारच नाही.

खरे पैसे त्या ईसीसी ८३ वर घालावेत. पहिल्या पायरीवरची खरखर पुढे सगळी वाढत जाते. लांब प्लेटचे जुने ईसीसी ८३ महाग असतात आणि मायक्रोफोनिकही (हादऱ्याचा आवाज स्पीकरमध्ये पाठवणारे) लवकर होतात. अँप चालू ठेवून काचेवर पेन्सिलीच्या रबरी टोकाने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून ‘टंग’ असा रेंगाळणारा आवाज आला तर तो पहिल्या पायरीवर नको. तानपुऱ्याची संथ सुरावट असलेली ख्यालाची रेकॉर्ड लावली की असा व्हॉल्व्ह लगेच उघडा पडतो. ढोल-ताशात कोणाला कळणारही नाही.

आता बसवल्यानंतरचे. अँपमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. उघडण्यापूर्वी १० किलोओहम, ५ वॉटचा रोध काही सेकंद लावून तो उतरवा आणि मीटरवर शून्य पाहा. मग प्रत्येक कॅथोडच्या मालिकेत १० ओहमचा रोध जोडा. अँप चालू असताना त्या रोधावर ४०० मिलिव्होल्ट दिसले म्हणजे ४० मिलिअँपिअर. त्यातले साधारण ४ स्क्रीन ग्रिडचे, म्हणून प्लेटचे ३६. प्लेट ते कॅथोड ३०० व्होल्ट असतील तर १०.८ वॉट झाले, मर्यादेच्या आत. पुश-पुलच्या जोडीतल्या दोन व्हॉल्व्हमधला फरक दोन मिलिअँपिअरपर्यंत चालतो. त्याहून जास्त झाला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकीकडे चुंबकित होतो, खर्ज दबतो आणि हम (मेन्सची गुणगुण) वाढतो.

एक व्हॉल्व्ह तापून प्लेट लाल होऊ लागली तर लगेच बंद करा, पण व्हॉल्व्हला दोष देण्याची घाई नको. व्हॉल्व्ह काढून अँप चालू करा आणि सॉकेटच्या २ नंबरवर, म्हणजे ग्रिडवर, व्होल्टेज बघा. धन व्होल्ट तसेच दिसले तर कपलिंग कंडेन्सर गळतोय, नवा व्हॉल्व्हही तो तसाच जाळेल. व्हॉल्व्ह काढल्यावर शून्य आणि लावल्यावर अर्धा व्होल्ट किंवा जास्त येत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये वायू आहे. काचेवर दिसणारी निळसर झाक निरुपद्रवी. प्लेटच्या आत जांभळा धुकट प्रकाश दिसला तर मात्र तो फेकायचा.

जुन्या ट्रान्सफॉर्मरला २२०, २३०, २४० व्होल्टसाठी वेगवेगळी जोडणीची टोके, म्हणजे टॅप, असतात. आपल्याकडे रात्री उशिरा लाइन चढते, तेव्हा एकदा हीटरवर मीटर लावा. ६.९ च्या वर जात असेल तर जोडणी २४० वर न्या. संध्याकाळी लाइन उतरल्यावर पुन्हा मोजा, ५.७ च्या खाली जात असेल तर टॅप बदलून भागणार नाही, स्टॅबिलायझर लागेल.