ऑलमन ब्रदर्सची 'ॲट फिलमोर ईस्ट' डबल एलपी: घ्यावी का? डोळे झाकून घ्या

पैशांचं आधी बोलून घेऊ. डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू आणि गाणी मोजून सात. घरी कोणी "एवढ्या पैशात सातच?" विचारलं तर दुसरी बाजू लावून द्या, तिच्यावर एकच गाणं आहे १९ मिनिटांचं, आणि चौथीवर पण एकच, ते तर २२ मिनिटांच्याही वर जातं. १९७१ साली कंपनीतही हीच कुरकुर झाली होती, अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्सलरला एवढे लांबलचक जॅम, म्हणजे स्टेजवर ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं, रेकॉर्डवर कशाला असं वाटत होतं. बँडचा मॅनेजर फिल वॉल्डन अडून बसला आणि वर डबल अल्बम नेहमीपेक्षा स्वस्तात विकायला लावला. भारी माणूस.

हा अमेरिकन रॉक बँड माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला जमले आणि लगेच बाडबिस्तारा घेऊन जॉर्जियातल्या मेकनला गेले, कारण वॉल्डनची कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड कंपनी तिथली. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स गिटारला, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग ऑर्गनला आणि गायला, बेरी ओकली बेसला, आणि ड्रमर दोन, बुच ट्रक्स आणि जेमो. जेमो कृष्णवर्णीय, बाकी सगळे गोरे, आणि त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत असा मिश्र बँड घेऊन गावोगाव फिरणं म्हणजे साधं काम नव्हतं. पहिले दोन स्टुडिओ अल्बम फारसे चालले नाहीत. स्टेजवर हीच माणसं एक गाणं अर्धा अर्धा तास फिरवायची, ते स्टुडिओत मावणार कसं? म्हणून मग १२ आणि १३ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या हॉलमध्ये लाइव्ह रेकॉर्डिंग, प्रोड्यूसर टॉम डाउड. ड्वेनने हॉर्न (सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं) वाजवणारे पण बोलावले होते, डाउडने ते अजिबात नको म्हणून सांगितलं आणि आपल्यावर उपकार केले.

आता ऐकायचं. हेडफोन लावा, दोन गिटार दोन कानांत वेगळ्या येतात. सुरुवात 'स्टेट्सबरो ब्लूज'ने, ड्वेनची स्लाइड, म्हणजे तारांवर काच घसरवत वाजवलेली गिटार, जी तो औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत बोट घालून वाजवायचा, कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची बाटली. पण माझं ऐकाल तर खरी मजा दुसऱ्या बाजूला, 'यू डोंट लव्ह मी'. मध्येच अख्खा बँड थांबतो आणि ड्वेन एकटा वाजवत राहतो, हॉल इतका शांत की पब्लिकमधून कोणीतरी "प्ले ऑल नाइट" ओरडतो ते स्पष्ट रेकॉर्ड झालंय, आणि शेवटी हा पठ्ठ्या नाताळचं 'जॉय टू द वर्ल्ड' वाजवून टाकतो. तिसऱ्या बाजूवर 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड', शब्द नाहीत, नुसतं वाद्यांचं, डिकीने हे नाव मेकनच्या रोज हिल स्मशानभूमीतल्या एका थडग्यावरून उचललंय. ड्वेन आणि जेमो माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन हे जॅझवाले भरपूर ऐकायचे ते इथे कळतं, रॉकवाल्यांचे सोलो बहुतेक वेळा नुसते पळतात, इथे दम घेऊन हळूहळू चढत जातात. 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात अकरा मात्रांची आहे, पायाने ठेका धरून बघा, चुकाल.

आता मुख्य सल्ला. २०१४ मध्ये याच शोंचा सहा सीडींचा बॉक्स सेट निघाला, त्यात मार्चचे चारही शो आणि जूनमधली फिलमोर ईस्ट बंद होतानाची रात्र. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तो घेऊ नका. तीच गाणी परत परत येतात, आणि डाउडने कात्री कुठे लावली त्यात खरी कला होती. 'स्टॉर्मी मंडे'मधला हार्मोनिकाचा सोलो त्याने उडवला, नंतरच्या आवृत्तीत तो परत घातलाय, ऐकायला वाईट नाही पण मला मूळ आटोपशीरच आवडतं. बॉक्स सेट वेड लागल्यावर घ्या, लागेलच.

माझी कॉपी ऑनलाइन मागवलेली, विकणाऱ्याने पातळ पुठ्ठ्यात पाठवल्यामुळे कव्हरचा कोपरा दुमडून आला, तेव्हा ऑर्डर करताना पॅकिंगचं आधीच विचारा. कव्हरवरचा फोटो न्यूयॉर्कचा नाही बरं का, मेकनचा आहे, आणि मागच्या बाजूला चक्क सामान उचलणारी पोरं बिअर पीत उभी. त्यांना अख्खं मागचं कव्हर देणारा बँड विरळाच.

अल्बम जुलैत आला, ऑक्टोबरमध्ये विक्रीत 'गोल्ड' ठरला, आणि २९ ऑक्टोबरला ड्वेन मेकनमध्ये मोटरसायकल अपघातात गेला, वय २४. वर्षभराने बेरी ओकलीही तसाच, त्याच भागात, तोही चोविशीतच. बाकीचे फुटत-जुळत २०१४ पर्यंत वाजवत राहिले, आता मूळ सहांपैकी फक्त जेमो आहे.

एक गोष्ट नक्की करा. 'व्हिपिंग पोस्ट' संपलं म्हणून सुई लगेच उचलू नका. टाळ्यांमध्ये टिंपनी (मोठे नगाऱ्यासारखे ड्रम) सुरू होते, पुढच्या गाण्याचे सूर लागतात आणि आवाज विरतो. ते पुढचं गाणं म्हणजे 'माउंटन जॅम', अर्ध्या तासाच्या वर, आणि त्यासाठी १९७२ चा 'ईट अ पीच' विकत घ्यावा लागतो. तो पण डबल आहे, बजेट बघून ठेवा.