एआरटी सेंटरचा अनुभव: गोळ्या देतात आणि हार्टकडे पण बघतात

माझ्या भावाला एचआयव्ही आहे, त्यात हेपॅटायटिस सी (लिव्हरचा व्हायरस) पण निघाला. आमच्याकडचे बरेच जण गावात कळेल म्हणून कोकण सोडून थेट मुंबई गाठतात, म्हणून इथल्या आमच्या सरकारी एआरटी सेंटरबद्दल लिहितेय. एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या.

एआरटी फुकट, सी चा बारा आठवड्यांचा कोर्स पण फुकट. पण मला जास्त आवडलं ते म्हणजे इथल्या डॉक्टर मॅडम दर खेपेला बीपी बघतात, शुगर विचारतात, तंबाखू सोडला का विचारतात, भाऊ "बरा आहे" म्हणाला तरी सोडत नाहीत. त्यांनी नीट समजावलं की गोळ्यांनी व्हायरस दबला तरी शरीरात आतून सूज थोडी थोडी चालूच राहते, त्याने रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळे एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोकचा धोका बाकीच्यांपेक्षा साधारण दुप्पट, आणि सोबत सी असेल तर अजून वाढतो. अजून एक गोष्ट, सी असताना कोलेस्टेरॉल कमी दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो, सी बरा झाला की ते वर चढू शकतं. भावाचं अगदी तसंच झालं, म्हणून कोर्स संपल्यावर परत टेस्ट करायला लावली हे फार चांगलं केलं.

मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, चालू केली. 2023 ला रिप्रीव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात भारतातले पेशंट पण होते, एचआयव्ही असलेल्या 40 ते 75 वयाच्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन दिली तर हार्ट अटॅक, स्ट्रोकसारखे मोठे त्रास 35 टक्के कमी झाले. पण स्वतःच्या मनाने मेडिकलमधून कुठलीही स्टॅटिन घेऊ नका हां, एचआयव्हीच्या काही गोळ्यांसोबत सिमव्हास्टॅटिन अजिबात चालत नाही.

खाण्याचं पण विचारलं. पावसात आमच्याकडे खारा बांगडा, सुकट, लोणचं रोज पानात, मिठाचा हिशोब कोण ठेवतो? आता आई बांगडा दोनदा धुवून घेते आणि तो पण कधीतरीच. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो स्ट्रोक असू शकतो, वाट न बघता 108 ला फोन करायचा हे पण घरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

एकच नाराजी, बसायला जागा कमी, आणि कोलेस्टेरॉलची टेस्ट आम्हाला बाहेर पैसे देऊन करावी लागली, ती तिथेच व्हायला हवी. बाकी पाचपैकी साडेचार. जाताना सी चे जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक असली तरी, मॅडम एकेक वाचून बघतात.