इंटर्नशिप की सर्वेक्षण? बडोद्यातल्या दोन उन्हाळ्यांवरून

परीक्षा संपत आल्या की ओळखीतली मुलं विचारतात, "दादा, सुट्टीत समाजासाठी काहीतरी करायचंय. कंपनीची इंटर्नशिप घेऊ की सरांच्या संशोधनात जाऊ?" मी दोन्ही केलंय, लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत, इथेच बडोद्यात. एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर या तुलनेत धरत नाही. ते जरूर करा, पण सात दिवसांत गाव आपल्याला पाहुण्यासारखंच वागवतं.

पहिला उन्हाळा एका कंपनीच्या सीएसआर विभागात, म्हणजे तिची सामाजिक कामं पाहणाऱ्या विभागात गेला. नफ्यातले 2 टक्के कुठे खर्च केले हे कंपनीला दाखवावं लागतं, त्यामुळे वस्तीतल्या प्रत्येक भेटीचा कागद होतो. याला मी दोष देत नाही. प्रस्ताव कसा लिहायचा, खर्चाचा हिशेब कसा ठेवायचा, सरकारी कार्यालयात कोणत्या टेबलाशी आधी बोलायचं, हे सगळं मी तिथेच शिकलो. माणसं चांगली होती. दर महिन्याला हातात पैसेही पडायचे.

मला खटकली ती एकच गोष्ट, वेळ. ऑफिस दहाला उघडायचं, गाडी अकराला निघायची, वस्तीत पोचेपर्यंत साडेअकरा. त्या वेळी घरात कोण असणार? आजी आणि तिच्या मांडीवर नातवंड. मुलगा आणि सून कडियाकामाला, म्हणजे बांधकामावर गेलेले. फॉर्मवर 'मासिक उत्पन्न' असा रकाना, आणि आजी म्हणायची, "ते पोराला विचार." पोरगा यायचा रात्री आठला. तोवर मी घरी जेवायला बसलेला असायचो. संध्याकाळी जाऊ देता का, असं मी दोनदा विचारलं. सहानंतर गाडी नाही आणि जबाबदारी कोण घेणार, असं उत्तर मिळालं. ऑफिसच्या बाजूने ते चूक नव्हतं. पण दीड महिना ज्यांच्यासाठी काम चाललं होतं, त्यांच्याशी माझं बोलणंच झालं नाही. आमचा अहवाल आज्यांच्या अंदाजांवर उभा होता, हे मला आजही बोचतं.

पुढच्या वर्षी सरांच्या सर्वेक्षणात गेलो. पेट्रोलचा खर्च आणि दुपारचं जेवण एवढंच. पहाटे उठून सातला कडियानाक्यावर, म्हणजे बांधकाम मजूर रोजच्या कामासाठी जमतात त्या चौकात पोचायचं. दाहोद, छोटा उदेपूर, पलीकडचं अलिराजपूर, इथून आलेली माणसं तिथे उभी असतात. आठ-साडेआठपर्यंत कोणीतरी बोलावून नेतं. ज्यांना नेत नाही ते नवापर्यंत थांबतात. त्या अर्ध्या तासात माणसं खरं बोलतात. मग रात्री आठनंतर मोकळ्या प्लॉटवरच्या पडावात, म्हणजे त्यांच्या उघड्यावरच्या मुक्कामात, चुलीशेजारी.

आमचा प्रश्न साधा होता. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी 1996 सालीच कायदा झाला, मग यांच्यापैकी इतक्यांची नोंदणी का नाही? नोंदणीसाठी गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेलं असावं लागतं. काम तर त्यांनी त्याहून जास्त केलेलं असतं. पण रोज मालक वेगळा, रोज साइट वेगळी, मग 90 दिवस भरले हे लिहून देणार कोण? एका मजुराने बोटांवर मोजून गेल्या आठवड्यातले पाच मालक सांगितले. एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. घरांचे रंग मात्र पाठ होते. आदल्या वर्षीच्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकानाच नव्हता.

प्रश्नावलीत घराबद्दलही विचारायचं होतं: भाड्याने खोली का घेत नाही? एका बाईने भाकरी थापता थापता मलाच विचारलं, "तुमच्या घरी आहे का खोली?" आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात वरची खोली भाड्यानेच देतो, आणि ती कोणाला द्यायची नाही हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं आहे. बडोद्याच्या मराठी घरांत आम्ही अभिमानाने सांगतो, सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1913 साली बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला पाठवलं. त्याच बाबासाहेबांना 1917 साली नोकरीसाठी परत आल्यावर या शहरात राहायला जागा मिळाली नाही, हे सांगताना आवाज खाली येतो. मी त्या बाईला उत्तर दिलं नाही. घरी येऊन आईला विचारलं, आणि त्या रात्री आमच्याकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बिनपगारी उन्हाळा मला परवडला, कारण घरचं जेवण होतं आणि बाबांची पेन्शन होती. माझ्या वर्गातल्या एका मित्राला सुट्टीत फीचे पैसे जमवायचे होते. तो आला असता तर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले प्रश्न विचारले असते. तुमची परिस्थिती तशी असेल तर इंटर्नशिप घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त संध्याकाळी वस्तीत जायची मुभा आधीच मागून घ्या. सरांकडे मानधनाची सोय आहे का, हेही विचारायला लाजू नका. माझ्यापुरतं म्हणाल, तर पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी नाक्यावरच जाईन.

जायचं ठरलं तर तारखा सांभाळा. होळीला गावी गेलेली बरीच माणसं अखात्रीजेची (अक्षय्य तृतीयेची) लग्नं उरकल्याशिवाय परतत नाहीत, आणि पहिला पाऊस पडला की पेरणीला पुन्हा जातात. मधले चार-पाच आठवडेच काय ते हाताशी असतात. आणि निष्कर्ष त्या लोकांना वाचून दाखवणार का, हे सरांना पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही नाक्यावर उभं राहून गुजरातीत वाचून दाखवले. मजुरीचा आकडा आला तसा मागून एक जण म्हणाला, "हा तर नाक्यावर ठरतो तो भाव. संध्याकाळी हातात येतो तो वेगळा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्ही तो तक्ता पुन्हा पहिल्यापासून भरला.