शाकुहाची १.८ : पैसे मोजायचे ते आतल्या कामाचे

शाकुहाची ही बांबूची जपानी बासरी विकत घेताना नजर आधी जाते मुळाकडच्या टोकावर. तिच्यासाठी मादाके जातीचे बांबू मुळासकट खणून काढतात, त्यामुळे खालचं टोक जाड, गाठाळ आणि देखणं दिसतं. पण त्याने सुराला काही होत नाही. शाकुहाचीची खरी किंमत तिच्या पोकळीत असते.

१.८ ही लांबी. जुन्या जपानी मापात १ शाकू ८ सून, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. पुढे चार भोकं, मागे अंगठ्याचं एक. सगळी झाकली की ‘रो’ वाजतो. त्याला सा मानून खालून एकेक भोक उघडत गेलं की सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी रागाचे स्वर आयते मिळतात. बाकीचे हनुवटीने काढायचे. हनुवटी खाली घेऊन सर्वांत खालचं भोक थोडं झाकलं की कोमल रे. या उतरवलेल्या स्वरांना ‘मेरी’ म्हणतात, आणि वाद्याची परीक्षा तिथेच होते. शाकुहाचीच्या किन्को परंपरेचे वादक यामागुची गोरो (१९३३–१९९९) यांचं वादन १९७७च्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर आहे. ते ऐकावं: मेरी स्वर बारीक होतात, पोकळ पडत नाहीत.

शिकणाऱ्याने जिआरी प्रकारचीच घ्यावी. हिच्या आत दगडाची बारीक पूड आणि उरुशी (झाडाच्या चिकाची जपानी लाख) यांचं लिंपण देऊन, घासून पोकळी सुरात आणलेली असते. बिनलिंपणाच्या जिनाशीचा आवाज मातकट, गोड. पण नवख्याला चूक फुंकेची की नळीची, हे कळत नाही.

दुकानात रो लांबवर फुंका, बोटं न हलवता वरच्या सप्तकात जा. रो डगमगला किंवा वरचा सूर फाटला तर ठेवून द्या. मग सगळी भोकं झाकून, खालचं टोक मांडीवर दाबून वरून हवा ओढा. ओढ टिकली नाही तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक मधल्या सांध्यात. फुंकायच्या धारेत बसवलेला शिंगाचा तुकडा नखाने चाचपा. टवका उडाला असेल तर नुसता फुसफुसाट.

मोठा दोष एकच, भेग. कोरड्या हवेत बांबू आक्रसतो, आतलं कडक लिंपण आक्रसत नाही. मग बांबू उभा चिरतो. वाजवून झाल्यावर आतून कापड फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. हीटरजवळ अजिबात नको.

भेगेवर दोऱ्याची बांधणी केलेलं जुनं वाद्य स्वस्तात मिळालं तर नाक मुरडू नका. हवा ओढून बघा, ओढ टिकली तर घ्या.